गायकर गुरुजींची दोन मिनिटं

गायकर गुरुजींच्या पिशवीत जेवणाचा डबा, छत्री आणि माईक अशा तीन वस्तू कायम असतात. डबा आणि छत्री कुणाच्याही पिशवीत सापडेल. माईक मात्र कशालाच जोडलेला नसतो. ना वायर, ना स्पीकर, आणि आतली बॅटरी कधीच काढून शाळेच्या घड्याळाला बसवलेली. तरी दोन वाक्यांपेक्षा जास्त बोलायची वेळ आली की गुरुजी पिशवीत हात घालतात, माईक काढतात, त्याच्यावर दोनदा बोट आपटतात, "हॅलो, हॅलो" म्हणतात आणि मगच तोंड उघडतात. पालकसभेला आलेल्या सात पालकांसमोरसुद्धा. एकदा केंद्रप्रमुखांचा फोन आला होता, तेव्हा एका हातात फोन आणि दुसऱ्या हातात हा माईक धरून गुरुजींनी शाळेच्या संडासाची माहिती दिली. हे मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं आहे.

आमची शाळा खालापूर तालुक्यात, डोंगराच्या पायथ्याशी. दोन शिक्षकी. पहिली-दुसरी माझ्याकडे, तिसरी ते पाचवी त्यांच्याकडे. मी कर्जतहून स्कूटरने येते. चौक गावाच्या पुढे आत वळलं की थोड्या वेळाने डांबर संपतं आणि तिथून पुढे मी स्कूटरवर असते की स्कूटर माझ्यावर, हे त्या त्या दिवशीच्या चिखलावर ठरतं. दोन्ही वर्ग एकाच हॉलमध्ये भरतात. मध्ये दोन लोखंडी कपाटं. त्यामुळे गुरुजींचा शब्द न् शब्द मला ऐकू येतो. सहा वर्षं ऐकते आहे आणि अजून माझं डोकं ठिकाणावर आहे, याचं घरच्यांनाही नवल वाटतं.

माईकचं व्यसन लागलं ते सूत्रसंचालनातून. चौकपासून खोपोलीपर्यंत एकही हळद, एकही वास्तुशांत आणि टेनिस बॉलच्या क्रिकेटचं एकही बक्षीस-वाटप गायकर गुरुजींशिवाय होत नाही. ते विनोद सांगत नाहीत, शेरोशायरी करत नाहीत. फक्त नावं घेतात. मांडवात कोण कोण आलंय ते नुसत्या नजरेने टिपायचं आणि एकेकाचं गाव, नातं, हुद्दा यांसकट नाव पुकारायचं. आधी वयाने मोठे, मग नवऱ्यामुलाचे मामा, मग जावई, मग राजकारणातले, मग आचारी आणि मांडववाला. हातात कागद नाही. चारशे माणसांत एक नाव सुटत नाही.

"लग्नात वरण कमी पडलं तर लोक इसरतात, बाई," ते मला सांगतात. "नाव राहिलं तर तेराव्यापर्यंत उकरून काढतात."

गेल्या पंधरा ऑगस्टला त्यांनी एकेचाळीस नावं घेतली. झेंड्याला आलेली माणसंच छत्तीस होती. उरलेल्या पाचांत मुंबईला गेलेले दोघे, दवाखान्यात पडलेला एक आणि रस्ता विचारायला थांबलेले दोन मोटारसायकलवाले होते. त्या दोघांचं "पुण्याहून वेळात वेळ काढून आलेले" म्हणून स्वागत झालं. बिचारे राष्ट्रगीतापर्यंत थांबले आणि लाडू खाऊन गेले. तोवर माझ्या पहिलीतल्या दोन पोरी उन्हाने खाली बसल्या होत्या.

वर्गातली हजेरी हाही असाच सोहळा. माझी हजेरी दोन मिनिटांत उरकते. कपाटापलीकडे वीस मिनिटं चालते. "यश, आलास? आजोबांचा खोकला काय म्हनतो? वैष्णवी. गं, केस का नाय इंचरलेस? साहिल..." असं प्रत्येकाचं. गैरहजर मुलापुढे ते फुली मारत नाहीत, संध्याकाळपर्यंत जागा मोकळी ठेवतात. "येल की," म्हणतात. पटावरून नाव कमी करणं तर त्यांना ठाऊकच नाही. दोन वर्षांपूर्वी एक कुटुंब पनवेलला गेलं, रीतसर दाखला घेऊन गेलं, तरी त्या मुलाचं नाव गुरुजींच्या हजेरीत वर्षभर होतं. तपासणीला आलेल्या साहेबांनी त्याबद्दल मला झापलं. गुरुजींना झापता येईना, कारण ते माईक घेऊन साहेबांचं स्वागत करत होते.

आणि एवढा माणसांचा लोभी माणूस डोंगरावरच्या वाडीत मात्र पाऊल टाकत नाही. वाडी शाळेपासून वीस मिनिटांची चढण. कातकऱ्यांची घरं. आमच्या शाळेतली नऊ मुलं तिथून उतरून येतात. कुठलंही सर्वेक्षण आलं, लसीकरण आलं, आधारकार्डाची भानगड आली की गुरुजी गुडघ्याला हात लावतात आणि मी चप्पल काढून बूट घालते. तो गुडघा मी हळदीत नाचताना पाहिलेला आहे. बँडवाले थकले होते, गुडघा थकला नव्हता.

हे सगळं मी सहन केलं. पण यंदा पावसाळ्यात ते ऑनलाइन प्रशिक्षण आलं आणि त्याने माझा अंत पाहिला.

पाच घटक होते. प्रत्येक घटकात बघायला दोन-तीन व्हिडिओ आणि शेवटी एक प्रश्न. उत्तर लिहून द्यायचं नाही, बोलून द्यायचं. मोबाइलच्या कॅमेऱ्यात बघत, चेहरा दिसेल असं, कागद न वाचता, दोन मिनिटांच्या आत. दोन मिनिटं झाली की रेकॉर्डिंग आपोआप बंद. प्रत्येक प्रश्नाला तीनच संधी, आणि एकदा लाल बटण दाबलं की संधी वापरली गेली. तिसरी फुकट गेली तर पुढची तुकडी सहा महिन्यांनी.

मी माझे पाचही व्हिडिओ एका रविवारी, कुकरच्या शिट्ट्यांच्या मधल्या वेळात करून टाकले.

गुरुजी पुढच्या मे महिन्यात निवृत्त होणार. त्यांनी प्रशिक्षण केलं काय नि न केलं काय, मला एरवी काही फरक पडला नसता. पण त्याच पत्रात खाली एक ओळ होती. ज्या शाळेतल्या सर्व शिक्षकांचं प्रशिक्षण दसऱ्यापर्यंत पूर्ण होईल, त्याच शाळांच्या हंगामी वसतिगृहाच्या प्रस्तावाचा विचार केला जाईल. या दोन गोष्टींचा एकमेकींशी काय संबंध, हे विचारायला मी फोन केला. पत्रात आहे म्हणून आहे, असं उत्तर मिळालं.

वसतिगृह म्हणजे काही इमारत नव्हे. दिवाळी झाली की वाडीतली माणसं वीटभट्ट्यांवर कामाला जातात ती पावसाच्या तोंडाला परततात. पोरंही बरोबर जातात, आणि शाळा तिथेच संपते. मंजुरी मिळाली तर ही मुलं गावातच राहू शकतात. शाळेच्या हॉलमध्ये झोपायचं, शाळेत दुपारचा भात शिजवणाऱ्या ताराबाईंनी दोन वेळचं रांधायचं, एका बाईने रात्री सोबत करायची. दोन वर्षं मी त्या प्रस्तावामागे चपला झिजवत होते. नऊ मुलांचं वर्ष आता गायकर गुरुजींच्या दहा मिनिटांवर येऊन ठेपलं होतं.

पहिला प्रश्न सोपा होता. मूल शाळेत कशामुळे रमतं? गुरुजी जॅकेट घालून आले, माईक घेऊन फळ्यापुढे उभे राहिले. मी माझा मोबाइल धरला, कारण त्यांच्या मोबाइलचा कॅमेरा कुठल्याशा साखरपुड्यात फुटला होता. लाल बटण दाबलं.

"सन्माननीय परीक्षक महोदय," गुरुजींनी सुरुवात केली. मग गावच्या सरपंच आल्या, उपसरपंच आले, शाळा समितीचे आजी अध्यक्ष, माजी अध्यक्ष, त्याआधीचे माजी अध्यक्ष, अंगणवाडीच्या ताई, ताराबाई, पाणीवाला. "आणि ज्यांच्यावाचून हा सोहळा पार पडला नसता, त्या आज कॅमेऱ्यामागे उभ्या असलेल्या कर्जतच्या सूनबाई, आमच्या साळवीबाई," म्हणून त्यांनी हात पुढे केला आणि मोबाइल टुणकन वाजून बंद झाला.

चार दिवसांनी शेरा आला. प्रश्नाचे उत्तर आढळले नाही. पुन्हा सादर करावे.

"आवो, उत्तराच्या आधी स्वागत नको?" गुरुजींचा चेहरा पडला. "आसं कसं एकदम उत्तरच सुरू करायचं? आपन काय भांडायला आलोय?"

मी म्हटलं, तीनच नावं घ्या. ते म्हणाले, तीन घेतली तर बाकीच्यांना कुठं बसवू? मी म्हटलं, गुरुजी, ती माणसं तिथे नाहीतच, परीक्षकाला ती माहीतही नाहीत. ते म्हणाले, म्हनून तर ओळख करून द्यायची. अर्धा तास गेला. शेवटी मला युक्ती सुचली. त्यांना म्हटलं, करा स्वागत, सगळ्यांचं करा. मी मोबाइल धरून उभी राहिले, पण बटण दाबलं नाही. नऊ मिनिटं स्वागत झालं. माझा हात दुखून आला. मग ते म्हणाले, "आता मूळ विषयाकडे वळू या," आणि मी बटण दाबलं. पुढचं उत्तर मात्र चांगलं होतं. मला राग आला तो त्याचाच. या माणसाला येत होतं सगळं.

दुसराही घटक या युक्तीने पार पडला. तिसऱ्याला गुरुजींच्या मनात आलं की आपण या परीक्षकाला दोनदा तसदी दिली, त्यांचा मान करायला हवा. मूळ विषयाकडे वळल्यावर, बटण दाबलेलं असताना, त्यांनी टेबलाखालून नारळ आणि शाल काढली आणि "अज्ञात राहून सेवा करणाऱ्या परीक्षक महोदयांचा सत्कार" म्हणत नारळ कॅमेऱ्यासमोर धरला. सरळ धरला असता तरी चाललं असतं. त्यांनी तो हातात द्यावा तसा पुढे आणला. पडद्यावर वीस सेकंद नुसती नारळाची शेंडी. शेरा आला, चेहरा दिसत नाही.

"नाव कळलं असतं तर नीट सत्कार केला असता," गुरुजी म्हणाले. पडद्यावर परीक्षकाच्या जागी फक्त क्रमांक यायचा.

मग त्यांनी मदतीच्या नंबरवर फोन केला. हा फोन पंचवीस मिनिटं चालला. पलीकडे कुणी मुलगी होती. आधी गुरुजींनी तिचं नाव विचारलं, मग गाव, मग आजोळ. आजोळ खोपोलीला शिळफाट्याजवळ निघालं. मग तिच्या मामांचं नाव निघालं, आणि त्या मामांच्या वास्तुशांतीत माईक गुरुजींकडेच होता हेही निघालं. मुलगी बहुधा खूश झाली असावी, कारण तिने तिसरा घटक कसा भरायचा ते दोनदा समजावून सांगितलं. परीक्षकाचं नाव मात्र दिलं नाही. ते गुप्त असतं, म्हणाली.

"नाव गुप्त?" फोन ठेवून गुरुजी माझ्याकडे वळले. "का वो? काय गुन्हा केलाय त्यांनी?"

चौथ्या घटकाला त्यांनी मुलं समोर बसवली. रिकाम्या मांडवात आपल्याला बोलता येत नाही, म्हणाले. मुलं हळदी बघून बघून तयार झालेली. प्रत्येक वाक्याला टाळ्या वाजवत होती. ते उत्तर कसं पास झालं ते त्या क्रमांकालाच ठाऊक.

असं करत दसऱ्याला पाच दिवस उरले आणि शेवटचा प्रश्न उघडला. तुम्ही ज्याच्यापर्यंत पोहोचू शकला नाहीत अशा एका विद्यार्थ्याविषयी सांगा. त्यातून काय शिकलात?

मला वाटलं, हा तर गुरुजींचा हातखंडा. माणसाविषयी बोलायचं. नऊ मिनिटांचं स्वागत झालं, मूळ विषयाकडे वळले, मी बटण दाबलं. गुरुजी कॅमेऱ्याकडे बघत उभे राहिले. माईक तोंडाशी होता. एक शब्द नाही. मी खुणा केल्या, ओठांनी "बोला, बोला" केलं. दोन मिनिटं ते नुसते उभे होते आणि मोबाइल टुणकन वाजला.

"घसा धरलाय आज," ते म्हणाले.

दुसऱ्या दिवशी घसा सुटला. गुरुजी दोन मिनिटं खणखणीत बोलले. विद्यार्थी हे फूल आहे, शिक्षक हा माळी आहे, आणि आपल्या शाळेत पोहोचता न आलेला विद्यार्थी एकही नाही. मी शिळफाट्यापर्यंत जाऊन, रेंज पकडून तो व्हिडिओ पाठवला. दसरा जवळ आला म्हणून की काय, या खेपेला शेरा दुसऱ्याच दिवशी आला. विशिष्ट विद्यार्थ्याचे नाव व प्रसंग सांगावा.

एकच संधी उरली. आणि दोनच दिवस.

आता माझं डोकं फिरलं. मधल्या सुट्टीत, ताराबाई भात वाढत असताना, मुलांच्या देखत मी गुरुजींना बोलले. आवाज चढला माझा. "गुरुजी, लग्नात चारशे नावं घेता तुम्ही. रस्त्याने जाणाऱ्याचं नाव घेता. इथे एक नाव घ्यायला काय झालं? ही नऊ मुलं दिवाळीनंतर भट्टीवर गेली ना, तर ती तुमच्यामुळे जातील. तुम्ही मे महिन्यात हार घालून घरी जाल. मी या रिकाम्या जागांकडे बघत बसेन इथे."

ताट तसंच ठेवून गुरुजींनी हात धुतले आणि कपाटापलीकडे गेले. दुपारभर तिकडून आवाज आला नाही. ताराबाई भांडी घासता घासता मला म्हणाल्या, "बाई, म्हाताऱ्या मानसाला आसं बोलू नये." मला वाईट वाटलं, पण माझा राग गेला नव्हता. हे मी लपवत नाही.

शेवटच्या दिवशी मी आले तेव्हा गुरुजी माझ्या आधी येऊन शाळेच्या उंबऱ्यावर बसले होते. जॅकेट नव्हतं. पिशवी आत खुंटीला होती. मुलं यायला अजून वेळ होता.

"लावा, बाई," ते म्हणाले.

"इथेच? आणि स्वागत?"

"आज नको."

मी बटण दाबलं. ते कॅमेऱ्याकडे बघत नव्हते, उंबऱ्याकडे बघत होते, आणि मांडवातलं मराठी त्यांच्या तोंडात नव्हतं.

"सुकरी धाऊ वाघमारे. दुसरीत होती. मी याच शाळंत नोकरीला लागलो तवाची गोष्ट, मी चोवीस वर्षांचा होतो. दिवाळी झाली नि ती आयबापासंगं भट्टीवर गेली. वरून सांगितलं, येत नाय त्या पोराचं नाव कमी करा. मी तांबड्या शाईनं रेघ मारली. जूनमधी ती परत आली. पाटी घेऊन हितंच, या उंबऱ्यावर बसली. आत आली नाय, हाक मारल्यावर आत यायचं आसं तिला वाटलं आसंल. मी हजेरी घेतली. एकेक पोरगं हजर म्हनत होतं नि ती माझ्या तोंडाकडं बघत होती. तिच्या आधीचं नाव झालं. नंतरचं झालं. तिला वाटलं, राहिलेलं नाव शेवटी घेतील. मी वही मिटली. मला दिसत नव्हती आसं नाय. दिसत होती. मला वाटलं, परत नाव घालायचं म्हंजे अर्ज, कागद, उद्या बघू. ती थोडा वेळ बसली. मंग पाटी उचलली नि गेली. दुसऱ्या दिवशी आली नाय. तिसऱ्या दिवशी मला वर वाडीवर जायला पायजे होतं. वीस मिनिटं लागतात. मी गेलो नाय. महिना गेला, मंग जायची लाज वाटायला लागली. वर्ष गेलं, मंग तर... हितून बदली झाली माझी. कर्जतला होतो, खोपोलीला होतो. शेवटची सात वर्षं ही शाळा मी मागून घेतलीय. तरी वर गेलो नाय. आता काय शिकलो म्हनाल, तर..."

मोबाइल टुणकन वाजला. दोन मिनिटं झाली होती.

"राहिलंच की," गुरुजी म्हणाले.

"राहू दे," मी म्हटलं. सहा वर्षं शेजारच्या वर्गात बसून मी या माणसाला फक्त वैतागत आले होते, त्याची मला त्या क्षणी लाज वाटली. आणि त्याच क्षणी, सहा वर्षांत हे एकदा तरी सांगता येत नव्हतं का, म्हणून रागही आला. मी स्कूटर काढली आणि ताराबाईंना मुलांवर लक्ष ठेवायला सांगून शिळफाट्याला निघाले.

शेरा संध्याकाळी आला. स्वीकृत. एवढा एकच शब्द. मला वाटलं होतं, पलीकडच्या माणसाने काहीतरी जास्त लिहावं. पण नियमात तेवढंच बसत असेल.

दिवाळीच्या आधी आठवडाभर मंजुरीचं पत्र आलं. आता माणसं भट्टीवर निघायच्या आत नऊ घरांतून संमतीपत्रांवर सह्या आणायच्या होत्या. मी सवयीने बूट पायात चढवले. गुरुजींनी नावांची यादी स्वतःच्या हाताने लिहून ठेवली होती. ती घडी करून त्यांनी खिशात घातली आणि माझ्या आधी पायरी उतरले.

"गुडघा?" मी विचारलं.

"येतोय तोबी," ते म्हणाले.

चढताना ते एकदाही थांबले नाहीत. आठ घरं झाली. प्रत्येक घरापुढे ते बाहेर उभे राहायचे, मी आत जाऊन समजावायची. नववं घर रोशनीचं. रोशनी तिसरीतली. त्याआधी दोन वर्षं माझ्याच वर्गात होती. तिच्या आईच्या ओट्यावर बसून मी कितीदा तरी पाणी प्यायलेली आहे. ती बाहेरच होती, पातेली आणि पातळं गोणीत भरत होती, भट्टीवर जायची तयारी. मी नेहमीसारखी हाक मारणार होते, रोशनीची आई म्हणून. तेवढ्यात गुरुजी पुढे झाले.

"सुकरी," ते म्हणाले.

तिने वर पाहिलं. मीही पाहिलं. हिचं नाव दोन वर्षं माझ्याच रजिस्टरमध्ये, रोशनीच्या नावापुढे, माझ्याच अक्षरात होतं. उंबऱ्यावर बसून गुरुजींनी ते घेतलं तेव्हा माझ्या डोक्यात काही म्हणजे काही आलं नव्हतं. मी तिला कायम रोशनीची आईच म्हणत आले होते.

गुरुजींनी तिला सगळं सांगितलं. उभ्या उभ्याच. रेघ, जून महिना, उंबरा, मिटलेली वही. ती हातातलं पातेलं तसंच धरून ऐकत होती. ऐकून झाल्यावर तिने घराकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि थोडी हसली.

"नाय आठवत, गुरजी," ती म्हणाली. "मी शालंत व्हती?"

"होतीस. दुसरीत."

"आसंल. तवा पोरं जायाची नि याची. कोन ध्यान ठेवतो?"

मला वाटलं, हिने रागवावं. नाहीतर जाऊ द्या म्हणावं. काहीतरी करावं. तेहतीस वर्षं हा माणूस हिच्यासाठी झुरला होता आणि हिला त्यातलं काहीच माहीत नव्हतं. गुरुजी मान खाली घालून उभे होते. त्यांना आता कुठे बघावं ते कळत नव्हतं.

"रोशनीचं नाव लिवलं का?" तिने विचारलं. "ती ऱ्हाईल हितं, आमी जाऊ. तिला भट्टीवर नाय न्यायची मला."

गुरुजींनी खिशातून यादी काढली. घडी उलगडली. आता मुलाच्या नावापुढे आधी आईचं नाव लिहायचं, मग बापाचं, असा नियम आलेला आहे. त्यांनी तसंच लिहिलं होतं. तेच त्यांनी वाचलं.

"रोशनी सुकरी बारकू मुकणे."

तिने पातेलं खाली ठेवलं. पदराला हात पुसत जवळ आली आणि त्या कागदाकडे वाकून बघायला लागली.

"माजं बी हाय त्याच्यात?"

"हाय."

"कुठं?"

गुरुजींनी बोट ठेवलं. तिने त्या अक्षरांवरून स्वतःचं बोट फिरवलं, अलगद, शाई पुसली जाणार नाही अशा बेताने. मी शाईचा पॅड उघडून धरला होता, अंगठा घ्यायला. तिचं तिकडे लक्ष नव्हतं.

"परत वाचा," ती म्हणाली.

गुरुजींनी परत वाचलं.